पुस्तकं येईपर्यंत

नव्या पुस्तकांचा गठ्ठा दिसला की मला अजून राग येतो. हसा खुशाल. वीसेक वर्षं शाळेत गेली, दर जूनमध्ये सुतळी कापून पोरांना पुस्तकं वाटली, आणि तरी गठ्ठा दिसला की पहिल्यांदा मनात तेच येतं, आलास का बाप्पा? थोडा थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?

परवा रायपूरच्या कडेला, भनपुरीत, तेच झालं. काका-काकू रायपूर सोडून नागपूरला मुलाकडं राहायला निघालेत, त्यांच्या सामानासाठी ट्रक ठरवायला मी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले होते. पोत्यांचा वास, डिझेलचा वास, उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास. बाहेर एक ट्रक मागं येत होता आणि हमाल "आन दे, आन दे" ओरडत होता. कोपऱ्यात कुठल्याशा शाळेचे गठ्ठे पडले होते, खाकी कागदात बांधलेले, आणि एका गठ्ठ्याचा कोपरा फाटून त्यातून शाईचा अन् खळीचा कोरा वास येत होता. मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहत बसले होते, तेवढ्यात टेबलामागच्या बाईनं चष्मा कपाळावर सारला.

"मैडम?" ती म्हणाली. मग एकदम उभीच राहिली. "अरे! बासी वाली मैडम!"

गोदामातले सगळे हमाल माझ्याकडं वळून पाहायला लागले. मी तिला ओळखलं ते त्या 'बासी'वरून. टिकेश्वरी. टिकेश्वरी साहू, अकरावी, खिडकीजवळचा बाक. तेव्हा तिचे बाबा या गोदामात मुनीम होते. आता त्यांच्या खुर्चीवर ती बसते, मालाच्या पावत्या फाडते आणि ड्रायव्हर लोकांना दम देते. केस पांढरे व्हायला लागलेत, पण उभं राहायची पद्धत तीच, हनुवटी थोडी वर. तिनं चहा मागवला. आणि मी जी गेले वाहत, ती थेट त्या पावसाळ्यात.

राज्य नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि त्याचं त्यालाच ते खरं वाटत नव्हतं. त्या वर्षी गावभर एकच वास होता, ऑइल पेंटचा. जिथं पाहावं तिथं शिडी लावलेली, शिडीवर पेंटर, आणि तो पाटीवरचं 'म.प्र.' पुसून 'छ.ग.' लिहितोय. शंकर नगरचे बंगले चुना मारून पांढरेफटक झालेले, त्यांच्यासमोर नव्या जीपा. हातात फाइल घेतलेली माणसं पानठेल्यावर उभी राहून विचारत, "भैया, वो नया दफ्तर किधर है?" आणि पानवाला चुना लावता लावता म्हणे, "कौन सा नया? इहाँ तो सब नया है." मला ते फार आवडायचं. सगळंच नवं! म्हणजे कोणालाच काही माहीत नाही! तेवीस वर्षांच्या पोरीला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

मी अमरावतीहून आले होते, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करून. 'तत्त्वज्ञान' म्हटलं की आमच्याकडं लोकांचा चेहरा पडायचा, घरात कोणी आजारी असल्यासारखा. बाबा तर रोज एकदा म्हणत, "काहून घेतलं वो तू ते? कुठं जागा निघते का त्याची?" निघत नव्हतीच. मग काकांनी, ते रायपूरला रेल्वेत होते, ब्राह्मणपाऱ्यातल्या एका शाळेत शब्द टाकला आणि मला बोलावून घेतलं. बाबांनी गाडीत बसवताना बजावलं, "जितके दिवस काम आहे तितके दिवस राहा. संपलं की परत ये, मंग आपण स्थळं पाहू." बाबांच्या बोलण्यात 'मंग' आला की पुढं काही बोलायची सोय नसायची.

शाळेचे प्राचार्य तिवारी सर. सफारी सूट, हातात सदैव किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, "देखिए, इस साल किताबें अभी आई नहीं हैं." का आली नव्हती ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही माहीत नाही. म्हणाले, ग्यारहवींचं नागरिकशास्त्र मिश्रा सरांचं आहे, ते सध्या दुसऱ्या शाळेत गेलेत, पुस्तकं आली की येतील. "तब तक क्लास आप सँभालिए. बस, हल्ला नहीं होना चाहिए."

"सर, पढ़ाऊँ क्या?"

"जो आपको आता हो."

जो आपको आता हो! मी जिना उतरले की उडत खाली आले ते मला आठवत नाही. दोन वर्षं जो विषय छातीशी धरून बसले होते, ज्याला जगात कुठं जागा नव्हती, त्याला रोजचा एक तास मिळाला होता. पुस्तकं येईपर्यंत. पुस्तकं आली की मिश्रा सर येणार, आणि मी अमरावतीच्या गाडीत, स्थळं पाहायला. म्हणजे सगळं गाव ज्या पुस्तकांची वाट पाहत होतं, ती येऊ नयेत म्हणून मी एकटी रोज देवाला हात जोडत होते. आणि देव आहे की नाही हा प्रश्न वर्गात काढायचा, तो वेगळाच.

वर्गात तेवीस पोट्टेपोट्टी. लांब खोली, खिडक्यांना हिरवे गज, छताला एकच पंखा, तोही आपल्या मर्जीचा. पहिल्या दिवशी मी घाबरून पांढरी पडले होते. माझी हिंदी म्हणजे अमरावतीची हिंदी, पहिल्याच वाक्याला मागचा बाक फिदीफिदी हसला. मराठी कळणारा एकच पोरगा होता, समीर भागवत, काकूंच्या शेजारचा. त्याच्याशी मराठीत बोलावं तर तो उत्तर हिंदीत देई. काय बोलावं सुचेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकावर शिडी लागली होती आणि पेंटर शाळेच्या पाटीवरचं 'म.प्र.' घासून काढत होता.

मी म्हटलं, "वो देखो. अक्षरं बदलली की शाळा बदलते का? राज्याचं नाव बदललं. त्या रात्री तुम्ही झोपलात, सकाळी उठलात. काय बदललं? खरं खरं सांगा."

मग एक म्हणाला, कुछ नहीं मैडम. दुसरा म्हणाला, कैसे कुछ नहीं, मेरे पापा का ऑफिस बदल गया. तिसरा म्हणाला, ऑफिस बदललं म्हणजे पापा बदलले का बे? आणि भडका उडाला! नाव म्हणजे वस्तू का? माती तीच, तर गाव तेच का? आणि खिडकीजवळची एक काळीसावळी, वेणीला लाल रिबीन लावलेली पोरगी उठून म्हणाली, "मैडम, मिट्टी वही है. पर पहले हम क्लास में छत्तीसगढ़ी बोलते थे तो सब हँसते थे. अब कम हँसते हैं. तो कुछ तो बदला है न?"

ग्रंथांचे ग्रंथ वाचून जे मला नीट मांडता आलं नव्हतं, ते या पोरीनं रिबीन सावरता सावरता सांगून टाकलं. मी नाव विचारलं. टिकेश्वरी. भनपुरीहून सायकलनं येते. एवढ्या लांबून, ट्रकांच्या मधून!

बासीचा तास तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी कांदा, मीठ, मिरचीशी खायचा. पहिल्या तासाला सगळ्या वर्गाच्या श्वासाला कांद्याचा वास असे. मी विचारलं, रात्रीचा भात आणि सकाळची बासी, वस्तू एक की दोन? बाई गं! अर्धा तास नुसता गदारोळ. एक म्हणे तांदूळ तेच. एक म्हणे, मग भात खाऊन झोप का येते आणि बासी खाऊन ताकद का? एक शहाणा म्हणाला, नक्की कोणत्या वाजता भाताची बासी होते ते सांगा. कोणालाच सांगता येईना. रात्रभर जागून बघायला हवं, असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं खरंच तांबारलेल्या डोळ्यांनी हजर! "मैडम, पता नहीं चला. देखते-देखते हो गई." मी आनंदानं टेबलावर हात आपटला. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन दारात उभे, काय झालं म्हणून. त्यांना काय सांगू? बासी झाली म्हणून?

हल्ला, म्हणजे गोंगाट, फार होतोय म्हणून मी एक नियम काढला. आपलं मत सांगायच्या आधी समोरच्याचं मत आपण मांडायचं. आणि ते इतकं नीट मांडायचं की समोरच्यानं 'हव' म्हटलं पाहिजे. हव म्हणजे हो, बरोबर. त्यानं हव म्हटल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही. पोरांना तो खेळच झाला. "हव?" "नहीं रे, आधा हव." "अब?" "हव, हव." समीर तर डबा खातानाही कुणाची भाजी घ्यायची तर आधी त्याची बाजू मांडायचा. आणि खोलीत एक गंमत व्हायची, ती मी नंतर कुठल्याच वर्गात पाहिली नाही. दुसऱ्याची बाजू नीट मांडता मांडता एखादा पोरगा मध्येच थांबायचा, डोळे मोठे करायचा आणि म्हणायचा, "अरे यार, ये तो सही बोल रहा है." तो क्षण! त्या क्षणासाठी मी काकूंकडून चालत नाही, पळत यायची.

भादव्याची उमस सुरू झाली आणि पंखा कोणाचा हा प्रश्न आला. एक पंखा, त्याखाली चार जण मावणार. मी म्हटलं, करा न्याय. उंचीप्रमाणे? गुणांप्रमाणे? रोज चिठ्ठी टाकून? जो आधी येईल तो? पाच दिवस तोच विषय चालला. तिवारी सर दारावरून जात आणि किल्ल्या वाजवत थांबत, पण त्यांना वाटे पोरं शिस्तीत बोलतायत, म्हणजे अभ्यासच असणार. शेवटी ठरलं, ज्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त घाम आलाय त्याला. ठरवलं कोणी, तर ज्यांची घरं शाळेसमोर होती त्यांनी! म्हणजे स्वतःच्या विरुद्ध! टिकेश्वरी त्या दिवशी पंख्याखाली बसली, ओढणीनं मान पुसत, आणि लाजून दोन वेळा म्हणाली, "इतना भी नहीं आया है पसीना."

तीजा, म्हणजे आपली हरतालिका, आला आणि टिकेश्वरीनं घरून कागदात बांधून ठेठरी आणि खुरमी आणली, बेसनाची खारी आणि गुळाची गोड. खाता खाता कोणीतरी विचारलं, माझ्या जिभेला जे गोड लागतं तेच तुझ्या जिभेला लागतं हे कशावरून? संपला तास. गणपती आले, बसले, गेले. मी रोज सकाळी उठून आधी काकूंना विचारायची, "पुस्तकं आली का वो? काही ऐकलं का?" काकू म्हणायच्या, "नाई आली. तुले काहून इतकी घाई?" काकूंना काय माहीत, मला कसली घाई होती!

इथं टिकेश्वरीनं माझ्यापुढं चहाचा दुसरा ग्लास ठेवला. "मैडम, कहाँ खो गईं?" मी म्हटलं, तुझ्याच गोदामात आहे. ती हसली आणि एका ड्रायव्हरवर खेकसून परत येऊन बसली. मला तिला एक गोष्ट विचारायची होती. विचारायची की सांगायची, कोण जाणे. पण ती त्या शुक्रवारची होती आणि शुक्रवारपर्यंत पोचायला मला धीर लागत होता.

शुक्रवारी मी वर्गात आले आणि फळ्याकडं वळले, तर मागून आवाज आला, "मैडम, एक सवाल मैं पूछूँ?" टिकेश्वरी उभी होती. चेहरा असा की ताप आलाय. "किसी को कोई बात मालूम है. किसी ने उससे पूछा नहीं. वो चुप है. तो वो झूठ बोल रहा है क्या?"

वा! मी तर नाचायचीच बाकी होते. इतका नेटका प्रश्न! मी फळ्यावर लिहूनच टाकला, गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का. अर्धा वर्ग या बाजूला, अर्धा त्या. मग समीर म्हणाला, "पर बात क्या है? उदाहरण तो दे." आणि ती खाली बघत म्हणाली, "किताबें आ गई हैं. नौ दिन हो गए. हमारे गोदाम में पड़ी हैं. कोई लेने नहीं आया. बाबूजी समझते हैं स्कूल को खबर है. मुझे मालूम है कि नहीं है."

मी हातातला खडू खाली ठेवला.

नववी, दहावी, अकरावी, सगळ्यांची पुस्तकं त्या गठ्ठ्यांत होती. मनात पहिला विचार काय आला ते सांगते, लपवत नाही. वाटलं, हिला कोणी सांगितलं होतं बोलायला? अजून महिनाभर पडून राहिली असती तर आभाळ कोसळलं असतं? तेवीस तोंडं माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, ठीक आहे. सांगायचं की नाही, वर्ग ठरवेल. नियम तोच.

समीर उसळून उठला. इतका बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "काहे को बताना मैडम? किसी ने पूछा है क्या? गोदाम वाले खुद बता देंगे एक दिन. इधर पहली बार स्कूल आने का मन करता है, उसको हम खुद बंद करें?" मला त्याला कडेवर घ्यावंसं वाटलं. मीही त्याच्याच बाजूची होते. पण नियम माझाच होता ना! ज्याचं मत पटत नाही त्याची बाजू आधी मांडायची. आणि टिकेश्वरीची बाजू मांडायला कोणी उठेना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. "मैडम, आप."

मग मी मांडली. आधी कशीबशी मांडली. "इतनाच नहीं है मैडम," टिकेश्वरी म्हणाली, "आधा हव." मग मला माझाच राग आला आणि मी मनापासून बोलायला लागले. म्हटलं, खालच्या मजल्यावर दहावीचा वर्ग आहे. त्यांना मार्चमध्ये बोर्ड आहे. चौघांत एक जुनं पुस्तक, तेही अर्धं फाटलेलं, आणि पोरं एकमेकांची पानं उतरवून घेतात. ती पोरं आपल्या तासात नाहीत. त्यांना कोणी विचारलेलं नाही. आपल्याला इथं जे मिळतंय ते त्यांच्या पुस्तकांच्या जागी मिळतंय, आणि हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला, मी टेबल सोडून पुढं आले, आणि मग मध्येच थांबले. कारण माझ्याच कानांना ते पटलं होतं. मूर्ख कुठली! पोरांचं व्हायचं ते माझं झालं होतं.

"हव," टिकेश्वरी म्हणाली. अगदी हळू.

हात वर करायच्या आधी वर्गाची आणखी एक रीत होती. ज्याला जे माहीत आहे ते सगळं त्यानं समोर ठेवायचं. समीर उभा राहिला आणि सरळ माझ्याकडं पाहत म्हणाला, "मैडम, आपको कुछ कहना है? कोई बात, जो हमें मालूम नहीं?"

पुस्तकं आली की मी जाणार, हे मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं असतं तर एकही हात वर झाला नसता. मला ते माहीत होतं. आणि मी म्हटलं, "नहीं. कुछ नहीं."

हात वर झाले. पहिला हात टिकेश्वरीचा. मग एकेक, एकेक. समीरनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि तो बाकाकडं पाहत होता. सोळा जणांनी हात वर केले. सांगायचं ठरलं.

तिवारी सर खूश झाले, शाबास म्हणाले, दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सगळी शाळा अंगणात गोळा झाली. दहावीची पोरं गठ्ठ्यांवर अक्षरशः तुटून पडली, एक पोरगी पुस्तक नाकाशी धरून डोळे मिटून उभी होती. ते पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि तरीही मी पाणी प्यायच्या निमित्तानं माठाकडं जाऊन उभी राहिले. माझ्या वर्गानं पुस्तकं घेतली आणि कोणीच उघडली नाहीत. सोमवारी मिश्रा सर आले. बुधवारी मी गाडीत होते. दुपारची गाडी, खिडकीत ऊन, आणि दुर्ग येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून रडले. समोरच्या बाईनं विचारलं, "माहेर सुटलं का वो?" मी हो म्हटलं.

नवरा चांगला मिळाला, तक्रार नाही. बी.एड. केलं, शाळेत लागले, भूगोल शिकवला. नद्या, डोंगर, खतं, खनिजं. दरवर्षी एखाद्या तासाला हळूच एक प्रश्न टाकून पाहायची, पण घंटा व्हायची, पोर्शन राहायचा. तसे तीन महिने मला पुन्हा मिळाले नाहीत. आणि जेव्हा जेव्हा ते आठवले, तेव्हा तेव्हा तो पहिला वर झालेला हात आठवला. ज्या पोरीला मी सगळ्यात जास्त जीव लावला होता तिचा.

गोदामात ऊन आत सरकलं होतं. काकांच्या सामानाची पावती तयार होऊन टेबलावर पडली होती आणि उठायचं नाव मी घेत नव्हते. शेवटी म्हटलं, जाऊ दे, या वयात कसली भीड.

"टिके, एक सांगू? मला तुझा फार राग होता. कितीतरी वर्षं. पुस्तकं आली की माझं काम संपणार होतं. मला परत जावं लागणार होतं. तुला माहीत नव्हतं, तुझी काही चूक नव्हती. पण राग होता."

तिनं पेन खाली ठेवलं. बाहेर ताडपत्री ओढायचा आवाज होत होता.

"मालूम था, मैडम."

"काय?"

"समीर ने बताया था. आपकी काकी ने उसकी मम्मी को बोला था, कि किताबें आईं कि लड़की वापस जाएगी, फिर शादी. हम दो को मालूम था." ती बोटांनी पावतीची कड सरळ करत राहिली. "इसीलिए तो आठ दिन चुप थी. रोज सायकिल पे सोचती थी, चलो, आज का पीरियड और मिल गया मैडम को. नौवें दिन नहीं हुआ. आप इतना खुश होके पढ़ा रही थीं, और मैं सामने बैठके छुपा रही थी. छुपाके बचाती, तो वो आपकी क्लास थोड़ी रहती."

सोळा वर्षांची पोर. एवढ्या लांबून ट्रकांच्या मधून सायकल मारत येणार, आणि सायकलवर माझा भार वाहणार, आठ दिवस, कोणाला न सांगता. आणि समीर माझ्यासाठी भांडला होता, आणि मला वाटलं होतं पोट्ट्याला अभ्यास नको आहे. माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत. हमाल बघतात तर बघोत.

"अगं भैताडे," मी म्हटलं, "मला काहून नाही सांगितलंस तेव्हाच, की तुले माहीत आहे म्हणून?"

टिकेश्वरीनं हनुवटी वर केली.

"बताया तो आपने भी नहीं था, मैडम. समीर ने खड़े होके पूछा था."